पगाराचं घराणं

लिस्बन, १४ एप्रिल २०२५, सोमवार

कोपऱ्यावरच्या पास्तेलारियात, म्हणजे इथल्या बेकरी आणि कॉफीच्या दुकानात, सकाळी उभं राहायला जागा नसते. गल्ल्यामागच्या बाईंनी मान वर न करता मला काहीतरी विचारलं. त्यातला शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू आला : पगार? त्यांना म्हणायचं होतं, पैसे आधी भरायचे आहेत.

पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे शाळेपासून माहीत आहे. घमेलं, पिंप, लिलाव, पाव यांच्या यादीत तो असतोच. पण तो त्याच्या घरी, रोजच्या वापरात ऐकणं वेगळं. स्पॅनिश माणूस त्यातले दोन्ही आकार मोकळे उच्चारतो, 'पागार' म्हणतो. लिस्बनचा माणूस पहिला आकार दाबतो, दुसरा मोकळा सोडतो. ऐकायला अगदी आपला पगार.

फरक इतकाच की इथे ते क्रियापद आहे. पगार म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. महिन्याच्या मिळकतीला इथले लोक सालारियु, ओर्देनादु, व्हेन्सिमेन्तु म्हणतात, पगार कोणी म्हणत नाही. पैसे मोजणाऱ्याच्या तोंडचा शब्द आपल्याकडे पैसे घेणाऱ्याच्या हातात येऊन नाम झाला. मी आयुष्यभर सहकारी बँकेत लोकांच्या खात्यांवर पगार जमा करत आले. या शब्दाकडे आता तरी नीट बघायचं ठरवलं आहे.

१६ एप्रिल, बुधवार

मुलाच्या घरी रोमान्स भाषांचे कोश आहेत. सूनबाई अनुवादाचं काम करते, त्यामुळे टेबलभर तेच. संध्याकाळ त्यात गेली.

पोर्तुगीज, स्पॅनिश, कॅटलन : पगार. इटालियन : पगारे. फ्रेंच : पेये, आणि फ्रेंचमधून इंग्रजीतला पे. मूळ लॅटिन शब्द 'पाकारे'. मधल्या 'क'चा 'ग' झाला, आपल्याकडे प्रकटचं प्रगट होतं त्याच चालीने. फ्रेंचांनी तो पार गाळून टाकला. पाकारेचा अर्थ मात्र पैसे देणं असा नव्हताच. पाकारे म्हणजे शांत करणं. 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. त्यातून हे क्रियापद. पोर्तुगीज पाश, स्पॅनिश पास, फ्रेंच पे, इटालियन पाचे, हे शांततेचे सगळे शब्द त्याचेच सख्खे.

मग जुने रोमन लोक पैसे देण्याला काय म्हणत? सोल्वेरे. म्हणजे सोडवणं, गाठ मोकळी करणं. सुरुवातीच्या रोममध्ये कर्ज न फेडणाऱ्याला धनकोच्या घरी खरोखर बांधील राहावं लागे. त्या बंधनाचं नावच 'नेक्सुम', बांधलेपण. इ.स.पू. ३२६च्या सुमाराला कायद्याने ते बंद झालं. देणं दिलं की गाठ सुटली, म्हणून सोल्वेरे. हे वाचताना मी थांबले. आपण कर्ज फेडतो. आणि नेसलेलं लुगडंही फेडतो. नवस फेडतो. रोमन लोक देवाला बोललेला नवस पुरा झाला की दगडी वेदी उभारत आणि तिच्यावर चार अक्षरं कोरत, ज्यांचा अर्थ 'नवस आनंदाने आणि योग्य म्हणून फेडला' असा होतो. त्यातलं क्रियापद हेच, सोल्वेरे. त्यांनी आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. देणं अंगाला गुंडाळलेलं असतं हे दोघांनाही कळलं होतं.

पाकारे त्याच गोष्टीकडे उलट्या बाजूने बघतो. इथे ऋणको बांधलेला नाही. इथे धनको दारात उभा आहे आणि त्याला शांत करायचं आहे. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये हा अर्थ पक्का झाला : घेणेकऱ्याचं समाधान करणं, मग नुसतं पैसे देणं. त्या काळी पश्चिम युरोपात राज्य करणाऱ्या जर्मानिक टोळ्यांच्या कायद्यांत खुनाला, जखमेला, चोरीला ठरलेली भरपाई होती. पैसे मोजले की दोन घराण्यांतलं वैर मिटायचं. अशा समाजात पैसे देणं आणि शांत करणं एका शब्दात यावं हे मला अगदी समजतं.

चौदाव्या शतकातल्या 'पर्ल' या इंग्रजी काव्याच्या पहिल्याच ओळीत 'पे' हा शब्द पैशाच्या नव्हे, संतोषाच्या अर्थाने आहे. म्हणजे फ्रेंचमधून तिकडे गेला तेव्हाही त्याचं मूळ त्याला आठवत होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्री झोपताना शब्द सापडला. भागवणं! आई पगाराच्या संध्याकाळी वाण्याची वही आणायला मला पाठवायची आणि परत आल्यावर बाबांना सांगायची, "वाण्याचं भागवलं." आपण तहान भागवतो, भूक भागवतो, देणं भागवतो. एकाच शब्दात शमवणं आणि चुकतं करणं. लॅटिन पाकारे मराठीत आणायचा तर दुसरा शब्द शोधायला नको.

बाबा गिरणीत साच्यावर होते. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर व्याजाने पैसे देणारे पठाण उभे असत, हे गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. कामगार बाहेर पडला की आधी त्यांना शांत करायचं, मग वाण्याला, मग खानावळीला. राहील ते घरी. पगार मिळाल्याचा आनंद मी बाबांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला; पाहिला तो त्या सगळ्यांचं भागवून झाल्यावरचा सुटकेचा भाव.

२२ एप्रिल, मंगळवार, बेझा

मुलाला सुट्टी होती. काझा ब्रांका इथे गाडी बदलून आलेंतेझु प्रांतातल्या बेझा गावी आलो. खिडकीतून हिरवी शेतं, तांबडी खसखशीची फुलं, बुचाची झाडं आणि खांबाखांबांवर करकोच्यांची घरटी. या देखाव्याला पोर्तुगीजमध्ये पाइझाझें म्हणतात. देशाला पाइश. दोन्हींचं मूळ लॅटिन 'पागुस', म्हणजे खुंट ठोकून आखलेला मुलूख. आणि खुंट ठोकणं, रोवणं, पक्कं करणं या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूतून पागुस आला त्याच कुळातून पाक्सही आला. पाक्स म्हणजे आधी मनाची शांती नव्हे. दोन बाजूंनी पक्का केलेला करार. संस्कृतातला पाश त्याच कुळातला मानतात. शांतता, मुलूख, करार, पाश : सगळ्यात काहीतरी बांधून, ठोकून घट्ट केलेलं आहे.

बेझाला येण्याचं कारण गावाचं नाव. रोमन काळात इथे 'पाक्स यूलिया' नावाचं शहर होतं, यूलियस घराण्याने आणलेली शांतता. लुसितानिया प्रांताच्या एका न्यायविभागाचं ते ठाणं. मग अरब आले. अरबीत 'प' नाही, म्हणून पाके-पाचेचं बाजा झालं, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी बेझा. नावात शांतता अजून आहे, पण ती शोधून काढावी लागते.

राजा दिनिशने बांधवलेला किल्ल्याचा संगमरवरी बुरूज सुमारे ४० मीटर उंच आहे. मी अर्ध्यावर थांबले. मुलगा वर जाऊन आला. किल्ल्याला लागूनच रोमन वेशीची कमान उभी आहे. तिच्या सावलीत बसून मी एका वेगळ्या विचाराशी आले, आणि तो मला सोडत नाही.

ही शांतता कोणाची? सीझरच्या लेखनात एखादा मुलूख 'पाकाता' झाला म्हणजे तो जिंकून गप्प केला. ऑगस्टसने आपल्या कामगिरीचा लेखाजोखा कोरवून ठेवला, त्याची प्रत अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर आहे. त्यात तो सांगतो की समुद्र चाच्यांपासून मोकळा करून शांत केला, गॉल, स्पेन, जर्मनी शांत केले. प्रत्येक ठिकाणी क्रियापद पाकारे. स्पेन आणि गॉलमधून तो परतला म्हणून रोममध्ये शांतिदेवतेची वेदी बांधली गेली, इ.स.पू. ९ मध्ये तिचं अर्पण झालं. ती वेदी शिल्पकलेचा उत्तम नमुना आहे यात वाद नाही. पण जो शब्द धनकोला शांत करण्यासाठी वापरला गेला तो त्याआधी कितीतरी काळ माणसांच्या वस्त्या शांत करण्यासाठी वापरला जात होता. परवा मला हा शब्द फार गोड वाटला होता. त्याचं हे अंगही तितकंच खरं आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

लिस्बनच्या आव्हेनीदा दा लिबेरदाद या रस्त्यावर लाल कार्नेशन घेतलेली माणसंच माणसं. १९७४ साली याच दिवशी इथली हुकूमशाही संपली, सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी ही फुलं खोवली. खांद्यावर नातवंडं घेतलेले आजोबा होते. त्यांच्यातले काही तरुणपणी अंगोला, गिनी, मोझांबिकच्या युद्धात पाठवलेले असतील; १९६१ पासून ते युद्ध चाललं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पोर्तुगालने ते मान्य केलं ते मात्र या क्रांतीनंतर, १९७४ सरताना.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आफ्रिकेत पोर्तुगीज सैन्याने ज्या मोहिमा काढल्या त्यांना इथल्या इतिहासात 'पासिफिकासांव'च्या मोहिमा म्हणत आले. शांत करण्याच्या मोहिमा. ऑगस्टसचाच शब्द, लांब केलेला. ज्या जहाजांतून पगार आपल्याकडे आला ती जहाजं कशासाठी आली होती हे विसरून त्या शब्दाचं कौतुक करायचं नाही, असं मी आज स्वतःला बजावलं.

म्हणून शब्द टाकायचा? मुळीच नाही. आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ काढला. सुमारे पन्नास भाषा त्यात घेतल्या. जन्माने बार्देशचे, कोंकणीचे कोशकार, धर्मगुरू. शब्द कोणत्या वाटेने आले हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असेल, आणि तरी त्यांनी प्रत्येक शब्दाची प्रेमाने नोंद केली. शब्द वापरणाऱ्याच्या मालकीचा होतो, हे त्या ग्रंथाच्या पानोपानी दिसतं.

२८ एप्रिल, सोमवार, रात्री

अकरा वाजून गेल्यावर दिवे आले. दुपारी बाराच्या आधीच गेले होते, आणि फक्त आमच्या इमारतीचे नव्हे. जवळजवळ अख्ख्या पोर्तुगालचे आणि स्पेनचे. मेट्रो थांबली, सिग्नल विझले, फोन मुके झाले. सून दोन तास चालत घरी आली.

दुपारी मी पाणी आणायला खालच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार बांगलादेशी, माझ्याशी हिंदीत बोलतो. कार्डाचं यंत्र बंद, माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत. रांगेतल्या बहुतेकांचं तेच. त्याने वही उघडली आणि नावं लिहायला लागला. "कल दे देना, आंटी." पुढच्या म्हाताऱ्या पोर्तुगीज बाईला म्हणाला, "पागा आमान्यां", उद्या द्या. लालबागच्या वाण्याची वही मी इतक्या वर्षांनी लिस्बनमध्ये पाहिली.

रस्त्यावर बॅटरीवरच्या रेडिओभोवती लोक जमले होते. बातमीतला एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर येत होता : अपगाँव. वीज जाण्याला हा शब्द. त्यातही पगार आहे हे रांगेत उभी असतानाच जाणवलं होतं. मेणबत्तीच्या उजेडात कोश उघडला.

२९ एप्रिल, मंगळवार

कालचं नीट लिहून ठेवते.

अपगार, स्पॅनिशमध्ये आपागार : विझवणं. दिवा, आग, यंत्र. त्यावरून मोठा अंधार तो पोर्तुगीज अपगाँव, स्पॅनिश आपागोन. मूळ पुन्हा पाकारे. आगीला शांत केलं. आपण चिता शांत झाली म्हणतो, तसंच. स्पॅनिश माणूस तहानही 'आपागार' करतो, आपण तहान भागवतो. पोर्तुगीजमध्ये अर्थ आणखी पुढे गेला : पुसून टाकणं. शाळेतला फळा पुसायच्या डस्टरला अपगादोर म्हणतात. इटालियनमध्ये तोच शब्द आप्पागारे, आणि तिथे त्याने फक्त मनाशी नातं ठेवलं : इच्छा पुरी करणं, तृप्त करणं. विझवणं, पुसणं, तृप्त करणं. एका आईची ही तीन मुलं तीन गावी गेली, आणि मला तिघांमध्ये इटालियन सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याने शांत केलेल्याला विचारलं आहे की तू खरंच समाधानी आहेस का.

दुकानदाराचे पैसे देऊन आले. वहीतल्या नावावर त्याने रेघ मारली आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाला, आता आपण 'कीतिश'. म्हणजे फिटंफाट. घरी येऊन पाहिलं तर तो शब्द लॅटिन 'क्विएतुस'चा, आणि त्याचा अर्थ शांत, निवांत. पाक्सशी त्याचं काही नातं नाही, घराणंच निराळं. पण तोही हिशेब चुकता होण्यापर्यंत पोहोचला, त्याच वाटेने. पश्चिम युरोपातल्या लोकांना देणं आणि अशांतता एकच वाटत होती, याचा याहून चांगला पुरावा मला नको.

१ मे, गुरुवार

कामगार दिन. मार्तिम मोनिशच्या चौकातून निघालेला मोर्चा पाहिला. फलकांवर पगारवाढीची मागणी होती. शब्द अर्थातच सालारियु.

मुलाची महिन्याची पावती टेबलावर होती, तिच्यावर 'रेसिबु दे व्हेन्सिमेन्तु' असं छापलेलं. व्हेन्सेर म्हणजे जिंकणं. मुदत भरणं हाही अर्थ. मुदत भरली, रक्कम देय झाली, म्हणून व्हेन्सिमेन्तु. जिंकण्याचा शब्द आणि शांत करण्याचा शब्द, दोन्ही शेवटी महिन्याच्या पैशांपाशी आले.

आमच्या घरी १९८२ सालचा जानेवारी विसरणं शक्य नाही. १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगार थांबला तसा वाणी बदलला, खानावळवाला बदलला, नात्यातली माणसंही बदलली. चाळीतल्या प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं ज्याला शांत करायला हातात काही नव्हतं. मी नुकती बँकेत लागले होते. माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललं. आई तेव्हा 'भागवलं' म्हणत नसे. 'भागत नाही' म्हणत असे.

३ मे, शनिवार

वरच्या मजल्यावर रोमेनियाच्या एक बाई राहतात. हॉटेलात स्वयंपाक करतात, वय माझ्याइतकंच. त्यांची भाषाही लॅटिनची लेक, म्हणून विचारायचं होतंच. आज त्या सुपाचं भांडं घेऊन आल्या.

पैसे देणं? त्या म्हणाल्या, अ प्लती. हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांचा. त्यात लॅटिन काही नाही. मग पाकारे तुमच्याकडे राहिलाच नाही? त्यांना सुनेने प्रश्न समजावून दिला. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, आहे की. अ इंपका. समेट करणं. भांडलेल्या दोघांना एकत्र आणणं. पैशाशी त्याचा संबंध नाही.

मी सुनेकडे पाहिलं. तिसऱ्या शतकात, २७१ ते २७५च्या दरम्यान, सम्राट ऑरेलियनने दाशियातून सैन्य काढून घेतलं. पुढे स्लाव्ह वस्त्या वाढल्या आणि पूर्वेकडची लॅटिन पश्चिमेपासून तुटली. पश्चिमेत पाकारेचा पैशाकडे प्रवास झाला तो त्यानंतर. पूर्वेकडे ती बातमी पोहोचलीच नाही. म्हणून रोमेनियनने जुना अर्थ सांभाळला.

बाईंनी मग त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. गावच्या जमिनीवरून दोघांत वाद झाला होता. भावाने त्यांच्या हिश्श्याची रक्कम कधीच दिली, पै न पै. प्लती झालं. तरी पंधरा वर्षं तो बोलत नव्हता. मागच्या वर्षी त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला त्याने स्वतः पानात वाढलं, तेव्हा इंपका झालं. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या भाषांनी दोन्ही एकात कोंबल्या."

गेले दोन आठवडे मी ज्या शब्दाच्या मागे आहे त्यावर इतका नेमका आक्षेप कुठल्या कोशात सापडला नसता. गिरणीकडून बाबांचे काही पैसे आले होते. आईने सही करून ते घेतले, बँकेत मीच जमा केले. बाबा त्यानंतर त्या फाटकावरून कधी चालत गेले नाहीत. दादरला जायचं तरी लांबच्या रस्त्याने जात.

बाईंना मी पगार शब्द सांगितला, आमच्याकडे तो काय अर्थाने चालतो तेही. त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला आणि त्यांच्या भाषेत लिहून मागितला. मी देवनागरीत लिहून दिला, खाली सुनेने रोमेनियन अक्षरांत. उद्या त्या मला सुपाची कृती सांगणार आहेत.